ॲब्लेशन करून घरी आल्यावर: फोनवर येणारे नेहमीचे प्रश्न

डिस्चार्जच्या वेळी "काही विचारायचंय का?" असं म्हटलं की बहुतेक पेशंट "नाही सिस्टर, समजलं सगळं" म्हणतात आणि औषधांची पिशवी सावरत लिफ्टकडे जातात. प्रश्न सुचतात ते घरी, रात्री दहाच्या पुढे. ईपी लॅबमध्ये, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय तपासून ॲब्लेशन करतात तिथे, काम करताना असे फोन बरेच घेतले. त्यातले जे पुन्हापुन्हा येतात ते इथे उतरवले आहेत. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर यापेक्षा वेगळं काही लिहिलेलं असेल, तर कार्डावरचं खरं धरा.

टाके नाहीत, पट्टी एवढीशी. मग नक्की केलं काय?

जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेल्या. हृदयातला करंट कुठून कुठे जातो याचा नकाशा काढला, त्याला ईपी स्टडी म्हणतात. जिथून नको तो करंट उठत होता किंवा जिथे तो गोल गोल फिरत होता, तेवढीच जागा निकामी केली. कुणाची उष्णतेने करतात, कुणाची गोठवून, आणि अलीकडे पल्स्ड फील्ड म्हणजे अतिशय कमी वेळाचे विजेचे ठोके देऊन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत माणसावर पहिल्यांदा हे झालं तेव्हा नळीतून सरळ डीसी शॉक दिला होता. आजचं काम त्यामानाने फार सौम्य आहे, पण जखम ती जखमच. कातडीवर सुईएवढं भोक दिसतं म्हणून घरचे विसरतात आणि चौथ्या दिवशी पेशंट दळणाचा डबा घेऊन गिरणीत जातो.

आमच्या शेजारची मुलगी आठवड्यात कॉलेजला गेली. मलाच तीन महिने जपायला का सांगितलंय?

कारण तिचं आणि तुमचं ॲब्लेशन वेगळं. नाव एकच असल्यामुळे हा घोळ होतो. तरुण मुलामुलींना बहुधा एसव्हीटी असते. जन्मापासून एखादी जास्तीची वाट असते, ठोके एकदम १८०-२०० वर जातात आणि एकदम थांबतात. तिथे एखाददुसरा ठिपका जाळला की काम होतं. यश ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, आणि बरं होणंही झपाट्याने. त्यातली महत्त्वाची जोखीम म्हणजे जवळून जाणारी हृदयाची मूळ वायर दुखावणं. तसं झालं तर पेसमेकर लागू शकतो, पण असं शंभरात एकाहूनही कमी जणांना होतं.

एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात), हे वेगळं प्रकरण. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की एएफची ठिणगी बहुतेकदा फुफ्फुसाकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्यामुळे त्या चारही शिरांभोवती पूर्ण कडं करावं लागतं. जखम मोठी, उजव्या कप्प्यातून पडदा टोचून डावीकडे जावं लागतं, आणि मागे लगेच अन्ननलिका. खालची बरीचशी उत्तरं एएफवाल्यांसाठी आहेत. एसव्हीटीवाल्यांनी जांघेचं आणि कामधंद्याचं वाचलं तरी पुरे.

जांघ काळीनिळी झालीय आणि हाताला गाठ लागते.

सुपारीएवढी, फार दुखत नसलेली आणि वाढत नसलेली गाठ चालते, दोन-तीन आठवड्यांत विरते. काळंनिळं मात्र घाबरवतं, कारण ते खाली उतरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांडीच्या मध्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. रंग जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना हे जास्तच दिसतं. डिस्चार्जच्या दिवशी पेनाने गाठीची कड आखून ठेवा, म्हणजे वाढली की नाही यावर घरात वाद होणार नाहीत.

गाठ वाढत असेल, आत नाडीसारखी उडत असेल, पाय थंड किंवा बधिर पडला असेल, पोटरी सुजली असेल, जागा लाल होऊन पू येत असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. रक्त वाहू लागलं तर आडवं व्हा आणि दुसऱ्या कुणालातरी बोटांनी जोरात १० मिनिटं दाबून धरायला सांगा. मध्येमध्ये उचलून पाहायचं नाही. तरी थांबलं नाही तर १०८.

घरात काय काय बंद?

पहिला आठवडा जांघेत घडी पडेल असं काही नको. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवणं, देवापुढे साष्टांग, सगळं थोडं लांबवा. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. भाड्यानेही मिळते, आणि "चार दिवसांसाठी कशाला" म्हणून टाळलेल्यांचेच फोन येतात. कुंथायचं नाही, म्हणून गरज असेल तर इसबगोल. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादली, पाण्याचा हंडा, नातवंड, सगळं त्यात आलं. गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो आणि टाकी धरून वजन तीसेक किलोवर जातं. तो सरकवायचाही नाही.

जिने चढा, सावकाश आणि मोजक्या वेळा. आंघोळ दुसऱ्या दिवसापासून तांब्याने किंवा शॉवरने. पोहणं, टबात किंवा नदीत डुंबणं भोक पूर्ण भरेपर्यंत नको. चालणं पहिल्या दिवसापासून, घरातल्या घरात. गाडी चालवणं काही डॉक्टर दोन दिवसांनी, काही आठवड्याने सुरू करू देतात. किक मारायची दुचाकी असेल तर आठवडा धराच. बैठं काम तीन-चार दिवसांत, अंगमेहनतीचं दोन आठवड्यांनी. जिम, पळणं, ट्रेकिंग डॉक्टरांना विचारून, बहुधा दोन आठवड्यांनंतर. पती-पत्नी संबंधांबद्दल फोनवर कुणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगते: साधारण आठवड्याने, जांघ दुखत नसेल तर.

छातीत टोचतंय. हार्ट अटॅक तर नाही ना?

श्वास खोल घेतला, खोकला आला किंवा उताणं झोपलं की टोचतं, आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, असं असेल तर ते हृदयावरच्या आवरणाला आलेल्या सुजेचं दुखणं आहे. पहिल्या आठवड्यात पुष्कळांना होतं. बारीक कणकणही पहिले एक-दोन दिवस येऊ शकते. पॅरासिटामॉल घ्या. कॉम्बिफ्लाम, व्होवेरॉन वगैरे घरातल्या डब्यातलं काही मनाने घेऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते पोटात रक्तस्राव करू शकतं.

दुखणं दाबल्यासारखं असेल, हात-जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मात्र फोनवर बोलत बसू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. हृदयाभोवती रक्त साचणं ही साधारण शंभरात एकाला होणारी गुंतागुंत आहे. ती बहुधा टेबलावर किंवा पहिल्या २४ तासांत लक्षात येते, पण क्वचित घरी गेल्यावरही होते.

धडधड परत आली. एवढे पैसे घालून उपयोग झाला नाही का?

हा फोन सगळ्यात जास्त येतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज सगळ्यात पडलेला असतो. जखम ताजी असताना तिच्या कडेचा भाग चिडलेला असतो. सुटे ठोके, मध्येच एक चुकल्यासारखं वाटणं, कधी पाच मिनिटांची, कधी अख्ख्या रात्रीची धडधड, हे त्या चिडण्याचं लक्षण असू शकतं. जाळलेल्या जागेचा पक्का व्रण व्हायला आठवडे लागतात. म्हणूनच सुरुवातीच्या काळात एएफ आलं तरी त्याला अपयश म्हणत नाहीत. हा काळ पूर्वी तीन महिने धरत, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनात तो दोन महिन्यांवर आणलाय. त्यामुळे एका डॉक्टरने तीन सांगितले आणि दुसऱ्याने दोन, तर कुणीतरी चुकतंय असं समजू नका.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. "सुरुवातीला होतंच" या वाक्याचा आधार घेऊन काही जण दोन दोन दिवस १४० च्या ठोक्यांवर बसून राहतात. ते चूक. ठोके सतत १२०-१३० च्या वर आणि तासाभरात उतरत नाहीत, किंवा सोबत दम, चक्कर, छातीत दुखणं, तर दाखवा. ईसीजी काढून घ्या, अगदी गल्लीतल्या डॉक्टरांकडेसुद्धा, आणि त्याचा फोटो आम्हाला पाठवा. धडधड चालू असतानाच्या एका ईसीजीची किंमत नंतरच्या दहा वर्णनांपेक्षा जास्त आहे. कधी औषध बदलून भागतं, कधी भूल देऊन शॉकने लय जाग्यावर आणावी लागते. त्याचाही अर्थ ॲब्लेशन फुकट गेलं असा होत नाही.

ऑक्सिमीटरवर किंवा घड्याळात पाहिलेलं चालेल?

कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे, पण ठोके अनियमित असताना त्यावरचा नाडीचा आकडा भरवशाचा नसतो. बीपीच्या मशीनचंही तेच. ज्या घड्याळात बोट लावून ३० सेकंदांचा ईसीजी निघतो ते कामाचं आहे. पट्टी सेव्ह करून ठेवा. मात्र दर अर्ध्या तासाला बघू नका. एका काकांनी तीन आठवड्यांत चारशेवर पट्ट्या काढल्या होत्या. सगळ्या नॉर्मल. झोप मात्र पार उडाली होती.

धडधड नाही, पण नाडी कायम ९० असते. आधी ७० असायची.

एएफच्या ॲब्लेशननंतर हे होतं. त्या शिरांच्या तोंडाशी हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या नसांचे पुंजके असतात, तेही थोडे भाजले जातात. ब्रेक सैल झाला की बसल्या जागची नाडी १०-१५ ने वाढते. काही आठवडे, कधी काही महिने राहते, हळूहळू उतरते. पल्स्ड फील्डनंतर हे कमी दिसतं. लय नियमित असेल तर याने नुकसान नाही. चहा जरा कमी केलात तर बरं.

आता लय नीट आहे, तर रक्त पातळ करण्याची गोळी बंद करू का?

नाही. हे एकच उत्तर ठळक वाचा. भाजलेल्या जागेवर गुठळी धरू शकते, आणि ती सुटली तर सरळ मेंदूकडे जाते. म्हणून एएफच्या ॲब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने ही गोळी सगळ्यांनाच असते. नंतर चालू ठेवायची की नाही हे लय कशी आहे यावर ठरत नाही. तुमचं वय, बीपी, मधुमेह, पूर्वी पक्षाघात झालाय का, हृदय कमजोर आहे का, यावर ठरतं. "धडधडच नाही तर गोळी कशाला" हा हिशेब साधा वाटतो, पण एएफ कित्येकदा कळतच नाही, आणि गुठळी कळवून येत नाही.

डोस चुकला तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, पण दोन गोळ्या एकदम नको. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगा आणि आमच्या डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद नको. ज्यांची झडप वाताच्या तापाने आकसलेली आहे त्यांना ॲपिक्साबानसारख्या नवीन गोळ्या चालत नाहीत, ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिनच लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याचा आकडा, तपासावं लागतं, बहुतेकांचं २ ते ३ मध्ये. त्यांनी पालक-मेथी सोडायची गरज नाही. या आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं मात्र करू नका. हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, काढे, नातेवाइकाने आणलेली पुडी, सगळं डॉक्टरांना दाखवून. भाजीतली हळद खुशाल खा.

चतुर्थी, एकादशी, नवरात्र कसं करायचं?

गोळी कुठली आहे ते आधी पाहा. रिव्हारोक्सॅबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी पोटभर खाण्याबरोबरच नीट शोषली जाते. रिकाम्या पोटी घेतली तर घेऊनही अपुरी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी किंवा भगर-आमटी असेल तर तिच्याबरोबर घ्या, चालतं. निर्जळी उपवास मात्र पहिले तीन महिने नकोत, पाणी कमी पडलं की ठोकेही बिघडतात. ॲपिक्साबान आणि डॅबिगाट्रान खाण्यावर अवलंबून नाहीत. डॅबिगाट्रानची कॅप्सूल उघडायची नाही, ती बसून आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची.

दम लागतो, पोट फुगतं, उचकी थांबत नाही.

तीन वेगळी कारणं असू शकतात. उष्णतेच्या काही नळ्यांमधून टोक थंड ठेवायला सलाइन सोडतात, ते लिटर-दीड लिटर अंगात जातं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले, आडवं पडलं की दम लागला तर कळवा, लघवीच्या गोळीने बहुधा उतरतं. श्वासपटलाची नस, विशेषतः उजवीकडची आणि विशेषतः गोठवण्याच्या पद्धतीत, दुखावली तर जिना चढताना दम लागतो किंवा उचकी लागते. एक्स-रेत कळतं, बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते. आणि जठराची नस दुखावली तर दोन घासांत पोट भरतं, फुगतं, मळमळतं. थोडं थोडं, मऊ, कमी तेलाचं खा. वरण-भाताचे दिवस समजा.

महिन्या-दोन महिन्यांनंतर नव्याने खोकला, दम, थुंकीत रक्त, "न्यूमोनिया" दोनदा झाला असं काही घडलं तर छातीच्या डॉक्टरांना ॲब्लेशनचं आवर्जून सांगा. फुफ्फुसाकडून येणारी शीर आकसलेली असू शकते. आता हे क्वचित दिसतं, पण कुणी सांगितलंच नाही तर शोधायलाही कुणी जात नाही.

डोळ्यांसमोर नागमोडी चमकणारी रेघ येते, दहा-वीस मिनिटांनी जाते.

पडदा टोचून डावीकडे गेल्यामुळे काहींना काही आठवडे असा अर्धशिशीसारखा त्रास होतो. टोचलेलं भोक बहुधा काही महिन्यांत आपोआप मिटतं. पण चमक कोणती आणि पक्षाघाताची सुरुवात कोणती हे घरी ठरवू नका, पहिल्यांदा झालं तर दाखवा.

पल्स्ड फील्ड केलंय, लघवी लालसर होतेय.

खूप ठोके दिले गेले असतील तर काही तांबड्या पेशी फुटतात आणि पहिले एक-दोन दिवस रंग गडद दिसतो. कळवा आणि, पाणी कमी प्या असं सांगितलेलं नसेल तर, पाणी भरपूर प्या. लघवी कमी झाली किंवा मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून असेल तर रक्त तपासावं लागतं.

सारखा थकवा येतो, उगीच रडू येतं.

येतं. दोन-चार आठवडे. इतकी वर्षं जी भीती घेऊन वावरलात ती एका दिवसात जात नाही. महिन्यानंतरही अंथरुणातून उठवत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि औषधांचे डोस पाहायला हवेत.

तीन आठवडे झाले, सगळं छान होतं. आता ताप आलाय. डेंग्यूची साथ आहे, तेच असेल ना?

असेलही. पण इथे मी तुम्हाला घरी थांबू देणार नाही. डाव्या कप्प्याच्या मागे अन्ननलिका चिकटून असते. उष्णतेने किंवा थंडीने तिला इजा होऊन, हळूहळू दोघांमध्ये भोक पडणं ही एएफ ॲब्लेशनची सगळ्यात घातक गुंतागुंत आहे. हजारात एकाहूनही पुष्कळ कमी जणांना होते, पण झाली तर जिवावर बेतते. आणि ती येते पहिल्या ते आठव्या आठवड्यात, बहुधा दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा काळजी घेणं सुटलेलं असतं. ताप-थंडी, गिळताना दुखणं, छातीत नवीन दुखणं, रक्ताची उलटी, बोलणं अडखळणं किंवा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर घरी थांबायचं नाही.

पेशंट घराजवळच्या डॉक्टरकडे जातो, जांघ भरून आलेली असते, तापाचं औषध मिळतं. ॲब्लेशनचा शब्दच निघत नाही. एका पेशंटला तर "ॲसिडिटी दिसते" म्हणून एंडोस्कोपीची तारीख दिली होती, सुनेने सुदैवाने आधी आम्हाला फोन केला. अशा वेळी एंडोस्कोपी करायची नसते, आत भरलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. छातीचा सीटी स्कॅन करायचा, आणि तो साफ आला पण शंका राहिली तर पुन्हा करायचा. म्हणून कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ॲसिडिटीची जी गोळी चार-सहा आठवडे दिलेली असते ती याच अन्ननलिकेसाठी आहे, "मला ॲसिडिटी नाहीच" म्हणून सोडू नका. फार गरम चहा आणि कडक, टोकदार खाणंही तोवर टाळलेलं बरं.

ॲब्लेशननंतरही जुनंच औषध कशाला?

जखम चिडलेली आहे तोवर आधार म्हणून. अमिओडारोन असेल तर ते बंद केल्यावरही शरीरात आठवडे-महिने रेंगाळतं, थायरॉइड बिघडवू शकतं आणि उन्हात कातडी भाजते. ॲसिट्रोमचा परिणामही वाढवतं. ठरलेली रक्ततपासणी चुकवू नका.

पुन्हा करावं लागेल का?

येऊन-जाऊन असलेल्या एएफमध्ये एकाच ॲब्लेशनने वर्षभर बरं राहणारे दहापैकी साधारण सात. सतत चालू असलेल्या जुन्या एएफमध्ये त्याहून कमी. कड्यात एखादी फट राहिली तर दुसऱ्या खेपेला तेवढीच बुजवावी लागते. पण फट नसतानाही एएफ परत येण्याची कारणं बरीचशी घरातच असतात. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, वजन जास्त असलेल्या ज्या एएफ पेशंटांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं आणि टिकवलं ते एएफपासून कितीतरी जास्त प्रमाणात मुक्त राहिले. दारू सोडल्याने एएफ कमी होतं हेही तिथेच २०२० मध्ये दाखवलं गेलं. "फक्त शनिवारी" हा बचाव ऐकून घेते, पटत नाही. आणि घोरणं: मध्येच श्वास थांबतो असं बायको सांगत असेल तर झोपेची तपासणी करा. नवऱ्यांना हे स्वतःला कधीच माहीत नसतं.

विमानाने मुलाकडे जायचंय. एमआरआयही राहिलाय.

प्रवास जांघ भरल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी. लांबच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने उठून चाला, गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. एएफवाल्यांनी पहिले दोन महिने जिथे सीटी स्कॅन नाही अशा आडगावी लांब मुक्कामाला जाऊ नये, असं माझं मत. एमआरआय चालतो. नळ्या सगळ्या बाहेर काढलेल्या असतात, आत काही बसवलेलं नसतं, विमानतळाच्या दारातही काही वाजत नाही. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड वेगळं, ते सोबत न्या.